मेंढी म्हणजे लोकर ल्यालेली शेळी नव्हे : मेंढीपालनात या चुका टाळा

शेळ्या सांभाळलेला माणूस मेंढ्या घेतो, तेव्हा पहिल्याच वर्षी त्याला फटका बसण्याचा संभव मोठा असतो. अनुभव नसतो म्हणून नव्हे, शेळीचा अनुभव असतो म्हणून. दोन्ही जनावरं दिसायला जवळची, पण मेंढीची गुणसूत्रं 54 आणि शेळीची 60. शेळी मान वर करून पाला ओरबाडते, मेंढी मान खाली घालून गवत पार मुळाशी कुरतडते. शेळीला दुखलं की ती वाडा डोक्यावर घेते, मेंढी मात्र गप्प राहून कळपात मिसळून चालत राहते. शिकारी प्राण्यांच्या नजरेखाली वाढलेल्या जातीला आजारपण दाखवणं परवडत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

गाईचं खनिज मिश्रण मेंढीला

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण ती चांगल्या हेतूने होते. गाईगुरांच्या आणि शेळ्यांच्या खाद्यात तांबं असतं, त्यांना ते लागतंही. मेंढीलाही लागतं, पण अगदी थोडं. जास्तीचं तांबं तिच्या शरीरातून नीट बाहेर पडत नाही, ते यकृतात साठत जातं. महिनोन् महिने काहीच दिसत नाही. मेंढी खाते, चरते, आपण खूश. मग एखाद्या दिवशी प्रवास, कातरणी किंवा उपासमारीचा ताण पडतो आणि साठलेलं तांबं एकदम रक्तात उतरतं. रक्तपेशी फुटतात, डोळे आणि हिरड्या पिवळ्या पडतात, लघवी गडद तपकिरी होते आणि दोन-तीन दिवसांत जनावर जातं. तोपर्यंत कारण शोधायला फार उशीर झालेला असतो. पोत्यावर 'मेंढीसाठी' असं लिहिलं नसेल, तर ते खाद्य किंवा चाटायची खनिजांची वीट तिच्यापुढे ठेवू नका.

मोरचूदही तांब्याचाच. खुरं सडण्याच्या रोगावर मोरचुदाच्या पाण्यातून पाय बुडवून नेण्याची जुनी पद्धत आहे, आणि तहानलेली मेंढी ते पाणी पिते. त्याऐवजी झिंक सल्फेटचं 10 टक्क्यांचं द्रावण वापरा, आणि त्याआधी कळपाला पोटभर पाणी पाजा.

हगवणीची वाट पाहणं

जंतांच्या बहुतेक अळ्या गवताच्या खालच्या चार-पाच सेंटिमीटरमध्ये असतात, आणि मेंढीचं तोंड नेमकं तिथे असतं. त्यातला हिमाँकस हा जंत चौथ्या पोटात राहून रक्त पितो. त्याची एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते. 'शेण पातळ झालं की औषध देऊ' म्हणणारे इथेच फसतात, कारण या जंतात हगवण बहुधा लागतच नाही. लेंड्या छान गोल पडत असतात आणि जनावर आतून पांढरं होत जातं.

म्हणून पापणी उलटून बघा. उजेडात उभं राहून वरच्या पापणीने डोळा अलगद आत दाबायचा आणि खालची पापणी ओढायची, आतली त्वचा दिसते. ती लालभडक असेल तर चिंता नाही, फिकट गुलाबी दिसली तर लक्ष ठेवा आणि पांढरट झाली की उपचार लगेच. दक्षिण आफ्रिकेत याच निरीक्षणावरून फमाचा नावाचा पाच रंगांचा तक्ता तयार झाला, आणि तो आज अनेक देशांत वापरतात. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबू लागली, तर तुम्ही बराच उशीर केला आहे असं समजा.

औषध देतानाही गडबडी होतात. वजन डोळ्याने ठरवलं जातं, मात्रा कमी पडते, आणि त्यातून वाचलेले जंत सगळ्यात चिवट असतात. गटातल्या जड मेंढीच्या वजनावर मात्रा ठरवा. सरसकट सगळ्यांना पाजून त्याच दिवशी कळप ताज्या कुरणात सोडणं तर मला सगळ्यात वाईट वाटतं, कारण नव्या रानात फक्त औषधाला न जुमानणाऱ्या जंतांचीच पेरणी होते. आणि पाजताना मेंढीचं डोकं आभाळाकडे वळवू नका. औषध फुप्फुसात उतरतं.

लोकरीला फसणं

रोडावलेली मेंढी लोकरीमुळे गुबगुबीत दिसते. नजर लावू नका, हात लावा. कमरेच्या मणक्यावर बोटं दाबली की हाड टोचतं की मांसात बुडतं, ते कळतं. विशेषतः गाभण मेंढीत. गाभणकाळ पाच महिन्यांच्या आसपासचा, साधारण 147 दिवसांचा, आणि पिल्लाची बरीचशी वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात जुळी असतील तर चाऱ्याला जागा कमी उरते आणि गरज मात्र वाढलेली असते. मेंढी अंगातली चरबी जाळू लागते, खाणं सोडते, कळपापासून बाजूला आंधळ्यासारखी उभी राहते. अतिलठ्ठ मेंढीही यात सापडते. या काळात खुराक वाढवायचा, पण हळूहळू.

कारण एकदम दिलेलं धान्य हा आणखी एक घोळ. पोटात नेहमी असणारे जिवाणू अचानक माजतात आणि त्यांच्या विषाने आंत्रविषार होतो. आधी जातं ते सगळ्यात धष्टपुष्ट, खाण्यात पुढे असलेलं कोकरू. लोक म्हणतात, दृष्ट लागली. लस असते आणि ती मेंढीला विण्याआधी काही आठवडे दिली, तर चिकातून कोकरालाही संरक्षण मिळतं.

चीक म्हणजे तरी किती? चार किलोच्या कोकराला पहिल्या सहा तासांत 200 मिली तरी जायला हवा. 'पितंय ना आईला' यावर विश्वास न ठेवता पोट चाचपा आणि कासेतल्या सडातून एक धार काढून बघा, तोंडाशी मेणासारखा खडा असतो. थंड पडलेल्या कोकराच्या तोंडात मात्र बाटली कोंबू नका, त्याला गिळता येत नाही.

एकटी मेंढी

आजारी मेंढी वेगळी बांधायची, हे बरोबरच. पण एकटी? ती भिंतीवर धडका घेते, खात नाही. शेजारी दिसेल अशी एक सोबतीण ठेवा. 'मेंढरासारखे एकामागून एक' असं आपण सहज म्हणतो, पण इंग्लंडमधल्या बाब्राहम संस्थेच्या 2001 च्या प्रयोगात मेंढ्यांनी दुसऱ्या 50 मेंढ्यांचे चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवले होते. तिला सोबत कोण आहे हे कळतं, आणि लोकर धरून तिला ओढणारा कोण, हेसुद्धा बहुधा कळत असावं. लोकर धरून ओढू नकाच, कातडीखाली रक्त साकळतं.

बाटलीवर वाढवलेल्या नर कोकराच्या कपाळावर मुलांना थोपटू देऊ नका. त्याच्या लेखी तो खेळ म्हणजे टक्कर, आणि मोठ्या जातीचा असेल तर वर्षभरात तो साठ-सत्तर किलोचा होतो.

कातरणीचा आळसही नको. जंगली मेंढी आपली लोकर आपोआप गाळते, पाळीव लोकरी जातीत माणसाने ते जवळजवळ संपवलं. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियात कॅनबेराजवळ रानात सापडलेल्या एका मेंढ्याच्या अंगावरून 41.1 किलो लोकर उतरवली, त्याला धड चालता येत नव्हतं.

अशी लोकर वाढलेली किंवा पोटुशी मेंढी खड्ड्यात पाठीवर पडली, तर तिला उठता येत नाही. पोटात वायू साठतो आणि ती काही तासांत मरते. मी पहिल्यांदा असं बघितलं तेव्हा वाटलं, ऊन खात पडली असेल. धावत जा, कुशीवर वळवून उभी करा, पण लगेच सोडून देऊ नका. पाय बधिर झालेले असतात, सोडली की ती पुन्हा त्याच बाजूला कलंडते. गुडघ्यांत तिची कूस धरून पाचेक मिनिटं उभे राहा, ढेकर येऊ द्या, मग सोडा.