इंग्रजीतून शोधनिबंध सादर करण्यापूर्वीची तयारी

गेल्या वेळी माझा निबंध नीट लिहून झाला होता, स्लाइड तयार होत्या, आणि तरीही अध्यक्षांनी वेळ संपल्याचे सांगितले तेव्हा मी संशोधनपद्धतीच्याच स्लाइडवर होतो. बारा मिनिटे संपली आणि निष्कर्ष सांगायचे राहून गेले, कारण तो मजकूर मी एकदाही मोठ्याने म्हणून पाहिला नव्हता.

स्पेलिंग आणि संदर्भांची शैली तपासावी, त्याबद्दल वेगळे सांगायला नको. प्रस्तावनेसाठी भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी १९९० मध्ये मांडलेला क्रम हाताशी ठेवावा: आधी विषयाचे क्षेत्र, मग आजवरच्या अभ्यासातली उणीव, मग ती भरून काढणारे आपले काम. यातला मधला टप्पा गाळला, तर हा अभ्यास मुळात का केला हेच वाचकाला कळत नाही. भाषाशास्त्रज्ञ एव्हरिल कॉक्सहेड यांची शैक्षणिक इंग्रजीतल्या ५७० शब्दकुलांची (मूळ शब्द आणि त्याची रूपे मिळून एक कुल) २००० सालची यादी पाठ करण्यात वेळ घालवू नये. त्यातले शब्द आपल्या विषयाच्या लेखांत कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतात, ते टिपून ठेवावे. पुरावा मर्यादित असेल तेथे 'प्रूव्ह' खोडून 'सजेस्ट' लिहावे. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदे नसल्यामुळे ती आपल्या नजरेतून हमखास सुटतात, म्हणून एक वाचन केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवावे: पहिल्या उल्लेखात 'अ सर्व्हे', पुढे त्याचाच उल्लेख आला की 'द सर्व्हे'.

हे सगळे झाले की मजकूर मोठ्याने म्हणावा. मनातल्या मनात वाचणे म्हणजे सराव नव्हे. कागदावर शोभणारे चाळीस शब्दांचे वाक्य बोलताना दम तोडते, आणि ते तोडून दोन वाक्ये करायला हवीत हे तोंडाने म्हटल्याशिवाय लक्षात येत नाही. मिनिटाला शंभर शब्द धरले, तर बारा मिनिटांत बाराशेच शब्द बसतात. माझ्या हातात दोन हजार होते. आघातही तेव्हाच तपासता येतात: 'मेथड'मध्ये जोर 'मे'वर असतो, तर 'मेथडॉलॉजी'मध्ये तो 'डॉ'वर जातो. मराठीत जोर इकडेतिकडे झाला तरी शब्द ओळखू येतो, इंग्रजीत मात्र ऐकणारा अडखळतो. म्हणून आपल्या निबंधातल्या दहाबारा मुख्य संज्ञा शब्दकोशातल्या ध्वनिमुद्रणाशी ताडून पाहाव्यात. पडद्यावरची चिन्हे आणि दशांश अपूर्णांकसुद्धा मोठ्याने वाचावेत, कारण डोळ्यांना सहज कळणारे '०.०५' ऐन वेळी तोंडातून निघत नाही.

संभाव्य प्रश्न लिहून काढावेत. प्रश्न समजला नाही, तर 'कुड यू रिफ्रेज दॅट, प्लीज?' हे वाक्य जिभेवर तयार असावे. स्लाइडची पीडीएफ प्रत, पेनड्राइव्ह, पाणी. आदल्या रात्री पुन्हा एकदा पूर्ण सादरीकरण करावे: उभे राहून, घड्याळ लावून, मोठ्याने.