जपानमधल्या उंची इझाकायात जेवताना

तोक्यो किंवा क्योतोमधल्या चांगल्या इझाकायात, म्हणजे मद्यासोबत छोटे छोटे पदार्थ देणाऱ्या जपानी पानगृहात, प्रथमच गेलेला पाहुणा बहुधा एकच चूक करतो: यादी हातात येताच तो सात-आठ पदार्थ एका दमात सांगून मोकळा होतो. मग लहानलहान बशांची टेबलावर दाटी होते, भाजलेले निवते, गार वाढलेले कोमट होते आणि आचाऱ्याने ज्या क्षणासाठी पदार्थ सिद्ध केला तो क्षण निसटून जातो. येथील जेवण फेऱ्याफेऱ्यांनी मागवायचे असते. दोघांना पहिल्या फेरीत पेय आणि दोन-तीन पदार्थ पुरतात. ते संपत आले की पुढचे सांगावे.

तयारी मात्र आरक्षणापासूनच सुरू होते. काप्पो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, आचारी पाहुण्यासमोरच चिरतो आणि शिजवतो अशा ठिकाणी काउंटरभोवती मोजक्याच खुर्च्या असतात आणि त्या दिवसाचे मासे, भाज्या त्या हिशेबानेच आणलेल्या असतात. त्यामुळे उशिरा पोहोचणे किंवा न कळवता गैरहजर राहणे तेथे फार गंभीरपणे घेतले जाते, आणि ऐनवेळी रद्द केल्यास पैसे आकारले जाऊ शकतात. उग्र अत्तर लावून जाऊ नये, कारण शेजारी बसलेला माणूस आमटीच्या वाफेचा वास घेण्यासाठीच आलेला असतो.

मासे न खाणाऱ्यांनी तर आरक्षण करतानाच स्पष्ट सांगितले पाहिजे. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेले दाशी हे पाणी सहसा कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवलेल्या बोनिटो माशाचे कीस, यांपासून काढतात. दिसायला निव्वळ भाजीचा वाटणारा पालकाचा ओहिताशी, तळलेल्या तोफूवर ओतलेला रस, अंड्याची गुंडाळी, मिसो सूप या सगळ्यांत ते असते. ‘मांस नको’ एवढेच सांगितले तर मासा वगळला जाईलच असे नाही. ‘माशाचे दाशीही चालत नाही’ असे स्वतंत्रपणे सांगावे. कोम्बू आणि शिताके अळंबीचे दाशी बनवता येते, पण त्यासाठी आचाऱ्याला आदल्या दिवशी कळलेले असावे. आयत्या वेळी असा आग्रह धरणे मला रास्त वाटत नाही.

बसल्यावर ओशिबोरी, म्हणजे ओलसर गुंडाळलेला रुमाल मिळतो. तो हात पुसण्यासाठी असतो, चेहऱ्यासाठी नव्हे. पहिल्या पेयाबरोबर न मागवलेली एक छोटी वाटी समोर येते. तिला ओतोशी म्हणतात, ओसाका-क्योतोकडे त्सुकिदाशी. तिचे पैसे बिलात लागतात, साध्या इझाकायात साधारण 300 ते 500 येन, उंची ठिकाणी अधिक. पुष्कळांना ही फसवणूक वाटते, पण ते बसण्याचे शुल्कच आहे, आणि त्या वाटीवरून स्वयंपाकघराचा हात कसा आहे याचा अंदाजही येतो. काउंटर रोगण न लावता ठेवलेल्या हिनोकी लाकडाचा असेल तर घड्याळ, कडे किंवा फोन त्यावर आपटू नये. त्या लाकडावर ओरखडा लगेच उमटतो.

पदार्थांचा क्रम हलक्याकडून जडाकडे ठेवावा: आधी साशिमी (कच्च्या माशाचे काप) आणि एखादी गार भाजी, मग भाजलेले, शिजवलेले, तळलेले, आणि अखेरीस शिमे, म्हणजे साधा भात, ओचाझुके (चहा किंवा दाशी ओतलेला भात) किंवा नूडल्स. यादी वाचता येत नसेल तर ‘ओसुसुमे वा नान देसु का’ असे विचारून त्या दिवशीचे उत्तम काय ते जाणून घ्यावे. सारेच आचाऱ्यावर सोपवायचे असेल तर ‘ओमाकासे’ म्हणावे, पण त्याआधी रकमेची मर्यादा सांगण्यात संकोच करू नये.

साशिमीच्या बशीपाशी थोडे थांबावे. तीन प्रकार असतील तर फिकट, पांढऱ्या मांसाचा मासा आधी घ्यावा आणि ट्यूनाचा चरबीयुक्त तुकडा शेवटी, नाहीतर पहिल्याची नाजूक चव नंतर जिभेला जाणवतच नाही. वसाबी ही झणझणीत हिरवी पेस्ट सोया सॉसमध्ये कालवण्याऐवजी तिचा कण तुकड्यावर ठेवावा, तुकडा हलकेच दुमडावा आणि त्याची कड तेवढी सॉसला टेकवावी. कालवल्यास वसाबीचा वास मरतो आणि सॉसही गढूळ होतो. खाली पसरलेले मुळ्याचे तंतू आणि शिसोचे पान शोभेचे नाहीत, तेही खावेत.

चॉपस्टिकच्या नियमांची यादी लांबलचक आहे, पण दोन चुका खरोखर खटकतात: भातात त्या उभ्या रोवणे आणि आपल्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घास देणे. दोन्ही गोष्टी मृत्यूच्या विधींशी निगडित आहेत. दुसरी तर दहनानंतर अस्थी वेचण्याची रीत आहे. बाकीच्या चुकांकडे लोक हसून दुर्लक्ष करतात. छोटी वाटी मात्र खुशाल हातात उचलून तोंडाजवळ न्यावी. घासाखाली रिकामा तळहात धरणे आपल्याला सभ्य वाटले तरी तेथे ते अशिष्ट मानतात.

साके, म्हणजे तांदळाचे मद्य, मागवल्यास गो हे माप लक्षात ठेवावे: एक गो म्हणजे सुमारे 180 मिलीलीटर. तांदळाचा निदान निम्मा भाग घासून काढून केलेली दाइगिंजो गारच घ्यावी, कारण ऊब दिली की तिचा सुगंध उडतो. साधी जुनमाई, म्हणजे वेगळे अल्कोहोल न मिसळलेली साके, कोमट छान लागते. सोबत्याचा पेला आपण भरावा, आपला त्याला भरू द्यावा. मद्यपानाचे किमान वय 20 वर्षे आहे.

बिलासाठी ‘ओकाइकेइ ओनेगाइशिमासु’ म्हणावे. 10 टक्के उपभोग कर आणि काही ठिकाणी वेगळे सेवाशुल्क लागते; बक्षिसी मात्र ठेवू नये, ठेवलेले पैसे परत द्यायला कोणीतरी मागे धावत येण्याची शक्यताच अधिक. उठताना आचाऱ्याकडे पाहून ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणावे. अनेक उंची ठिकाणी तो किंवा मालकीण दारापर्यंत येतात आणि पाहुणा गल्लीच्या वळणाआड जाईपर्यंत तेथेच उभे राहतात, म्हणून वळणावर पोहोचल्यावर एकदा मागे वळून मान लववावी.