वाटप झालं, फोटो झाले, तरी घर अडलेलंच? गल्लीतल्या मदतगटांनी या चुका टाळा

जून आला की वह्यावाटपाचे बॅनर लागतात, पावसाळ्यात छत्र्या, दिवाळीआधी फराळाचे किट. गणेश मंडळं, सोसायट्यांचे गट, महिला बचत गट, निवृत्त शिक्षकांचे कट्टे, सगळे मनापासून राबतात. हेतूबद्दल शंकाच नाही. पण वाटपानंतर आठवड्याभराने त्याच वस्तीत चक्कर मारा. एका घरात वह्यांचे गठ्ठे पडून असतात आणि शेजारच्या घरातली एकटी बाई एका दाखल्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालत असते. आपले गट कार्यक्रम आखतात, आणि घराची अडचण काही कार्यक्रमाची तारीख बघून येत नाही. पुढच्या बहुतेक चुका या एकाच सवयीतून निघतात.

न विचारता किट भरणं

किटमध्ये सगळ्यात आधी काय पडतं? गहू आणि तांदूळ. ज्या घराकडे प्राधान्य कुटुंबाचं रेशनकार्ड आहे त्याला अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी महिना ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. म्हणजे आपण वर्गणी काढून तेच देतो जे घरात आधीच आहे. मग ते धान्य विकलं गेलं की कार्यकर्ते चिडतात, "यांना किंमतच नाही!" अहो, त्या बाईने तांदूळ विकून तेल आणलं असेल, तर तिचा हिशेब तुमच्यापेक्षा पक्का आहे. गोडं तेल, तूरडाळ, साखर, चहा, आंघोळीचा आणि कपड्याचा साबण, सॅनिटरी पॅड, गॅसचा सिलिंडर, या गोष्टींना खरा पैसा लागतो. उलट ज्यांच्याकडे रेशनकार्डच नाही, किंवा आहे पण लग्न होऊन आलेल्या सुनेचं आणि लहान मुलाचं नाव अजून चढलेलं नाही, त्यांना धान्य लागतं. दोन्ही घरांना एकच पिशवी देऊन चालत नाही.

वह्यांचंही तसंच. पहिली-दुसरीला दुरेघी आणि चाररेघी लागते, गणिताला चौकटीची, वरच्या वर्गांना शंभर नाहीतर दोनशे पानी एकेरी. आपण मात्र घाऊक बाजारात स्वस्त पडली म्हणून सरसकट एकच वही उचलतो. शाळेतल्या बाईंना एक फोन केला तर कोणत्या वर्गाला काय, ते पाच मिनिटांत कळतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. खरी ओढाताण सुरू होते नववीपासून, जिथे वाटप सहसा पोचत नाही.

विचारायचं कसं, हाही प्रश्नच आहे. "काकू, काय हवं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "द्याल ते चालेल." ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं आहेत ही, आणि त्यात गैर काही नाही. त्याऐवजी "गेल्या महिन्यात उसने पैसे कशासाठी घ्यावे लागले?" असं विचारून बघा. औषधं, दवाखान्याची रिक्षा, क्लासची फी, थकलेलं लाइटबिल, खरं ते बाहेर येतं. आणि घरोघरी जाण्याआधी अंगणवाडी ताई, आशाताई आणि कोपऱ्यावरचा किराणावाला या तिघांशी बोला. कुणाचं बाळ वजनात बसत नाही, कुणाची गोळी बंद झाली, कुणाची उधारी फुगली, हे त्यांना तुमच्या सर्वेक्षणाच्या कितीतरी आधी ठाऊक असतं.

वस्तू देणं, पण हक्काचं सोडून देणं

मला विचाराल तर सगळ्यात महागात पडणारी चूक ही. दोन हजारांचं किट एकदा जातं. पण वडील गेलेल्या मुलाला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना लागू झाली तर महिना २,२५० रुपये येतात, आणि तो अठरा वर्षांचा होईपर्यंत ते येऊ शकतात. निराधार विधवेला संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून महिना १,५०० रुपये. अर्ज तिलाच करायचा असतो, पण कागद गोळा करायला, रांगेत उभं राहायला, खाडा झाला म्हणून मुकादमाची बोलणी खायला तिच्याकडे दिवस नसतो. तुमच्या गटातल्या निवृत्त माणसाकडे तो असतो.

या कामात नेहमी अडतं कुठे ते सांगतो.

उत्पन्नाचा दाखला. संजय गांधी योजनेला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१,००० रुपये आहे. बाहेरच्या एजंटाने अंदाजे आकडा टाकून दाखला काढला की अर्ज तिथेच मेला. आणि एक वर्षाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा फेब्रुवारीत काढून एप्रिलमध्ये जोडायला जाऊ नका.

नावातला फरक. आधारवर "सुनिता", रेशनकार्डावर "सुनीता", बँकेत माहेरचं आडनाव. कचेरीत जाण्याआधी सगळे कागद एका टेबलावर पसरून अक्षर न् अक्षर ताडून बघा. अर्ध्या फेऱ्या इथेच वाचतात. आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे का, हेही त्याच बैठकीत बघून घ्या, नाहीतर मंजुरी येऊनही पैसे येत नाहीत.

आरटीईचा नकाशा. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांसाठी ऑनलाइन अर्ज भरताना घराचं ठिकाण नकाशावर दाखवावं लागतं. चाळीतल्या खोलीऐवजी खूण मुख्य रस्त्यावर पडली तर शाळेपासूनचं अंतर बदलतं, आणि सोडतीत नाव लागूनही पडताळणीत प्रवेश हुकतो. सायबर कॅफेवाल्याला घाई असते. तुम्ही शेजारी बसा आणि अर्ज पुढे पाठवण्याआधी पालकांना खूण दाखवा.

दवाखाना. माणूस अॅडमिट झाला की गट लगेच व्हॉट्सअॅपवर पैशाचं आवाहन टाकतो. त्याआधी दोन जागी विचारा. मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे या योजनेचं काम बघणारा माणूस, बसतो. रेशनकार्ड आणि ओळखपत्र घेऊन त्याच्याकडे जा. आणि रुग्णालय धर्मादाय असेल तर त्याला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवकाला गाठायचं ते दाखल होतानाच. बिल हातात पडल्यावर धावपळ केली तर फार तर थोडी सूट पदरात पडते.

हे काम फोटोत चांगलं दिसत नाही. टेबलावर झेरॉक्स आणि समोर चष्मा लावलेले काका, यावर कोण बॅनर छापणार?

आधारची झेरॉक्स आणि रांगेतला फोटो

एका किटसाठी आधारची झेरॉक्स मागणं बंद करा. तुम्ही त्यातून काहीच पडताळत नाही, फक्त गठ्ठा साठवता, आणि तो गठ्ठा मंडपाच्या मागे ओल्या खोक्यात सापडतो. नाव, खोली नंबर आणि सही पुरते. एखाद्या कामाला ओळखपत्राची प्रत लागलीच, तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार चालतं का ते आधी विचारा. काम झालं की प्रत फाडून टाका. लाभार्थ्यांची यादी शंभर माणसांच्या ग्रुपवर टाकणं हाही त्यातलाच प्रकार. कुणाच्या घरात कर्करोग आहे, कुणाला नवऱ्याने टाकलंय, हे सगळ्या वॉर्डाला कळायचं कारण नाही.

फोटोबद्दल देणगीदारांचा आग्रह असतो, मान्य. मग भरलेल्या पिशव्यांचा काढा, कार्यकर्त्यांचा काढा, खरेदीच्या बिलांचा काढा. दप्तर घेणाऱ्या मुलीचा चेहरा नको. उद्या तिच्याच वर्गातली पोरं तो फोटो तिला दाखवणार आहेत.

पैसा एकाच्या खात्यात

"सध्या माझ्याच क्यूआरवर घ्या, नंतर बघू" इथून भांडणं सुरू होतात. नोंदणी नसलेल्या मंडळालाही वर्गणी गोळा करण्याआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेशोत्सवाआधी मंडळं कलम ४१ क ची परवानगी काढतात ती हीच. बँकेत गटाचं वेगळं खातं, दोन सह्या, क्रमांक छापलेलं पावती पुस्तक, आणि महिन्याचा जमाखर्च फळ्यावर. देणगीदार आयकरात सवलत मिळवून देणारी ८० जी ची पावती मागत असेल आणि तुमच्याकडे ती मान्यता नसेल, तर तसं स्पष्ट सांगा, किंवा मान्यता असलेल्या संस्थेकडे पाठवा. रोख २,००० रुपयांवरच्या देणगीला ती करसवलत मिळतच नाही, हेही सांगून टाका.

मुलांच्या कामात ढिलाई

अभ्यासिका चालवणं सोपं वाटतं, खोली मिळाली, दोन कॉलेजची पोरं मिळाली, सुरू! इथे मात्र मी कडक आहे. कोणताही मोठा माणूस मुलासोबत बंद खोलीत एकटा नको, कितीही ओळखीचा असला तरी. दार उघडं, दोन मोठे हजर, घरी सोडायची जबाबदारी ठरलेली. नवा स्वयंसेवक आला की दोन ठिकाणी चौकशी. एखाद्या मुलाने काही सांगितलं तर वस्तीत बैठक बसवून "आपसात मिटवायचं" नाही. पोक्सो कायद्याप्रमाणे लैंगिक अत्याचाराची माहिती कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक अभ्यासिकेच्या भिंतीवर, मुलांना दिसेल एवढा मोठा लिहा.

रक्तदान आणि उरलेलं जेवण

नेत्याच्या वाढदिवसाला एकाच वॉर्डात तीन शिबिरं आणि मे महिन्यात पिशवीसाठी वणवण, हे चित्र नवं नाही. रक्त साधारण पाच-सहा आठवडेच टिकतं, प्लेटलेट तर पाच दिवस. कॉलेजं बंद असतात तेव्हा, म्हणजे उन्हाळ्यात आणि दिवाळीच्या सुटीत, तुटवडा पडतो. तारीख रक्तपेढीला विचारून घ्या. थॅलेसेमिया हा रक्ताचा आजार असलेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त लागतं, त्यांना वाढदिवसाशी देणंघेणं नाही.

लग्नातलं उरलेलं जेवण वाटायचं तर पंगत उठल्याबरोबर. आमटी, बटाट्याची भाजी, दुधाचे पदार्थ उन्हाळ्यात दोन तास बाहेर राहिले की नको. रात्री अकराला उरलेली बासुंदी सकाळी वाटणं ही सेवा नव्हे.

काम सुरू आहे, पण अडतंय

यादीवरून भांडणं होतात? निकष आधी लिहून फळ्यावर लावलेले नसतात, म्हणून. "गरजू" हा निकष नाही. "घरात कमावतं माणूस नाही", "घरातलं कुणी तीन महिन्यांहून जास्त आजारी", "मुलाची शाळा सुटली", असं लिहा. कार्यकर्त्यांचे नातेवाईक यादीत असतील तर त्यांचा निर्णय दुसऱ्याने घ्यायचा.

विसर्जनानंतर कार्यकर्ते गायब होतात? सगळ्यांना सगळीकडे बोलावणं बंद करा. एकाकडे दोन घरं, आठवड्यातली एक ठरलेली संध्याकाळ, बस. ज्याला बोलायला जमत नाही त्याला हिशेब द्या, ज्याच्याकडे दुचाकी आहे त्याला दवाखान्याच्या फेऱ्या. प्रत्येक घराची नोंद वहीत, कोणता अर्ज कधी दिला, पोच क्रमांक काय, पुढे कधी जायचं. म्हणजे एकजण गावाला गेला तरी दुसरा पुढे नेतो.

नगरसेवकाचा किंवा इच्छुकाचा बॅनर लावायचा दबाव येतो? नाही म्हणणं जड जातं, कारण मंडपाची परवानगी आणि पाण्याचा टँकर तिकडूनच येतो. मधला मार्ग चालतो. वर्षाच्या एका जाहीर कार्यक्रमात त्यांचा सत्कार करा. घरभेटी, दाखले आणि अभ्यासिका यांत कुणाचाच फोटो नाही, असा ठराव करून तो इतिवृत्तात घाला, म्हणजे वाईटपणा एका माणसावर येत नाही.

एखादं घर "नको" म्हणतं? ठीक आहे. नंबर देऊन या, दोन-तीन आठवड्यांनी सहज चौकशी करा. दुसऱ्या खेपेलाही नको असेल तर वहीत तशी नोंद करून थांबा, आणि शेजाऱ्यांमार्फत दबाव आणू नका. घरात मारहाण होतेय किंवा मूल उपाशी राहतंय अशी शंका असेल तर मात्र थांबायचं नाही. मारहाणीसाठी पोलीस किंवा महिलांसाठीचा १८१, मुलासाठी १०९८, आणि हा फोन कोण करणार ते बैठकीत आधीच ठरलेलं असावं.