भारत आणि अमेरिका: सरकारी कर्जावरच्या व्याजाची तुलना कशी करावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या अभ्यासिकेत बजेट झालं की एक तक्ता मोबाइलवर फिरायला लागतो. अमेरिकेचं व्याज डॉलरमध्ये, त्याला रुपयाच्या भावाने गुणलेलं, शेजारी भारताचं व्याज. हा तक्ता डिलीट करा. रकमांची तुलना करायचीच नसते, प्रमाणाची करायची असते.

भारतासाठी २०२५-२६ च्या बजेटमधला २०२३-२४ चा ‘प्रत्यक्ष’ रकाना घ्या, अंदाजाचा नको. अमेरिकेचं सरकारी वर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर असतं, म्हणून तिकडचं २०२४, म्हणजे सप्टेंबर २०२४ ला संपलेलं वर्ष घ्या. सहाच महिने सामाईक येतात, पण तेवढ्याने काही बिघडत नाही.

अमेरिकेच्या व्याजाचे दोन आकडे दिसतील: सुमारे १.१ लाख कोटी डॉलर आणि सुमारे ८८,००० कोटी डॉलर. पहिल्यात सरकारने सोशल सिक्युरिटी (तिकडची सरकारी पेन्शन योजना) सारख्या स्वतःच्याच निधींना दिलेलं व्याजही आहे. दुसरा घ्या.

आता जीडीपीने भागा. अमेरिका ३ टक्के, भारत साडेतीनच्या आसपास. इथे थांबून ‘दोघंही सारखेच’ असं लिहू नका. व्याज जीडीपीतून फेडलं जात नाही, तिजोरीत येणाऱ्या पैशातून फेडलं जातं.

म्हणून महसुलाने भागायचं, आणि खरी अडचण इथेच आहे. आपलं व्याज सुमारे १०.६४ लाख कोटी रुपये, केंद्राचा महसूल सुमारे २७.३ लाख कोटी, म्हणजे ३९ टक्के. अमेरिकेचा महसूल ४.९२ लाख कोटी डॉलर, म्हणजे १८ टक्के. हे दोन आकडे शेजारी ठेवून मोठमोठी भाषणं होतात. दोन्ही भागाकार बरोबर आहेत, तुलना मात्र चूक आहे.

कारण आपले २७.३ लाख कोटी हे राज्यांचा वाटा देऊन उरलेले आहेत. त्या वर्षी करातून सुमारे ११.३ लाख कोटी राज्यांना गेले, आणि ते केंद्राच्या महसुलात धरलेलेच नाहीत. अमेरिकेत राज्यांना दिलेला पैसा खर्चाच्या बाजूला दिसतो, महसूल अख्खा राहतो. एका शेतकऱ्याने वेचाई कापून हाती आलेला पैसा उत्पन्न म्हणून सांगितला आणि दुसऱ्याने कापसाची अख्खी पट्टी सांगितली, तर सोसायटीच्या व्याजाचा भार कोणावर जास्त, हे त्यावरून ठरवता येईल का?

तेव्हा राज्यांचा वाटा परत मिळवा. महसूल ३८.६ लाख कोटी होतो आणि प्रमाण २८ टक्क्यांच्या जवळ येतं. देशादेशांच्या तक्त्यात २८ च लिहा. व्याज दिल्यावर दिल्लीकडे रस्ते, खतं, पीकविम्यासाठी किती उरतं असा प्रश्न असेल, तर ३९ हाच आकडा खरा. एकाच तक्त्यात दोन्ही मिसळलेले दिसले, तर तो पुढे पाठवू नका.

तक्त्यावर ‘फक्त केंद्र सरकार’ असं ठळक लिहा. महाराष्ट्राने काढलेल्या कर्जाचं व्याज यात कुठेही नाही.

शेवटी कर्जाचा रकाना जोडा. अमेरिकेचं सरकारच्या स्वतःच्या निधींबाहेरच्यांना (देशातले असोत की परदेशातले) देणं असलेलं कर्ज जवळजवळ जीडीपीएवढं, आपल्या केंद्राचं साठ टक्क्यांच्या आत. कर्ज कमी असूनही व्याजाचा भार जास्त, कारण आपला व्याजदर चढा आहे आणि जीडीपीच्या मानाने कर कमी गोळा होतो. ही दोन्ही कारणं तक्त्याखाली लिहा.