जुन्या अमेरिकी रब्बींचे फोटो आणि कागद हाताळताय? या चुका टाळा

जुना फोटो हातात आला की लोक आधी चेहरा बघतात. दाढी, टोपी, खाली कुणीतरी लिहिलेलं नाव दिसलं, की झाली नोंद. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकी रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, फोटोंच्या नोंदी मी बरीच वर्षं तपासते आहे, आणि घोळाची सुरुवात बहुतेक वेळा इथेच होते. मी फोटो आधी पालथा घालते.

एका संग्रहाकडून स्कॅन आला होता, फक्त पुढच्या बाजूचा. खाली पेन्सिलीत लिहिलेलं ‘१८५०’. मागची बाजू हट्टाने मागवली, तर पुठ्ठ्यावर दोन सेंटचं तिकीट आणि त्यावर शाईची आद्याक्षरं. यादवी युद्धाच्या खर्चासाठी अमेरिकी सरकारने फोटोंवर कर बसवला होता. १ सप्टेंबर १८६४ ते १ ऑगस्ट १८६६ या काळात विकलेल्या फोटोमागे फोटोग्राफरला असं तिकीट लावावं लागे. म्हणजे १८५० बाद. मी आनंदाने ‘अंदाजे १८६५’ लिहून मोकळी झाले.

तीही चूकच होती. दोनेक महिन्यांनी मोठा स्कॅन भिंगाने पाहिला, तेव्हा चित्राच्या कडेला पितळी अंडाकृती चौकटीची पुसट सावली दिसली. कुणीतरी घरातल्या पेटीबंद डॅगेरोटाइपचाच, म्हणजे चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावरच्या जुन्या फोटोचाच, पुन्हा फोटो काढून घेतला होता. पुठ्ठा तिकिटाच्या काळातला, पण त्यावरचा माणूस त्याआधीच कॅमेऱ्यासमोर बसलेला. पेन्सिलवाल्याचं १८५० बरोबरही असू शकतं. तेव्हापासून मी प्रत्येक नोंदीत दोन ओळी ठेवते, प्रत कधीची आणि मूळ चित्र कधीचं. दुसरी ठरत नसेल तर कोरी. नवशिक्यांना कोरी जागा बघवत नाही, काहीतरी भरून टाकावंसं वाटतं. भरू नका. तुमचा अंदाज पुढचा माणूस पुरावा म्हणून वापरतो.

दुसरी चूक उपाधीची. नावाआधी ‘रेव्हरंड’ दिसलं की सर्रास ‘रब्बी’ लिहितात. रब्बीपदाची सनद घेतलेले पहिले गृहस्थ, अब्राहम राइस, बव्हेरियातून अमेरिकेत आले ते १८४० मध्ये, आणि बाल्टिमोरला स्थिरावले. त्याआधी प्रार्थना चालवत ते हज्जान. आपल्याकडच्या बेने इस्रायली घरांत हे समजावून सांगावं लागणार नाही, त्यांच्याही प्रार्थनालयांचा भार पिढ्यान्‌पिढ्या हज्जानांवरच होता. न्यूयॉर्कच्या शेअरिथ इस्रायलचे गर्शोम मेंडेस सेशस हज्जान होते. फिलाडेल्फियात १८४३ पासून ‘ऑक्सिडेंट’ मासिक चालवणारे आयझॅक लीझर यांच्याकडेही सनद नव्हती. म्हणून ते लहान ठरत नाहीत, पण कागदावर जी उपाधी आहे तीच नोंदीत लिहा. आणि सेशस वारले १८१६ मध्ये, डॅगेरोटाइप जाहीर झाला १८३९ मध्ये. त्यांचा ‘फोटो’ सापडला म्हणून कुणी सांगितलं, तर तो रंगवलेल्या चित्राचा फोटो आहे.

हिब्रू सालांत घाई तर अजिबात नको. हिब्रूत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. पाच हजारांचा आकडा बहुधा लिहीत नाहीत, राहिलेलं साल अक्षरांत असतं. ताव-रेश-हे म्हणजे ४००, २०० आणि ५ मिळून ६०५, पूर्ण साल ५६०५, इसवी १८४४-४५. शेवटचं अक्षर ‘हे’ऐवजी ‘हेत’ असेल तर ५६०८, म्हणजे १८४७-४८. या दोन अक्षरांत फरक डाव्या पायाच्या वरच्या बारीक फटीचा. दगड झिजला, शाई पसरली की फट बुजते आणि तीन वर्षं इकडची तिकडे होतात. मोडी वाचणाऱ्यांना हा जाच ठाऊक आहे. मी शंकेचं अक्षर त्याच हातच्या दुसऱ्या शब्दात शोधते आणि दोन्ही शेजारी ठेवून बघते. शिवाय शकात ७८ मिळवताना जानेवारी ते मार्चचं भान ठेवतो तसंच इथेही: ३७६० वजा करा, पण नवं वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात लागतं, तेव्हापासून डिसेंबरपर्यंत ३७६१.

नाव एकाच स्पेलिंगने शोधू नका. सिनसिनाटीचे रब्बी आयझॅक मायर वाइज बोहेमियातून आले तेव्हा आडनाव ‘वाइस’ होतं, आणि त्या काळच्या कितीतरी नोंदवह्या जर्मनमध्ये आहेत.

चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी अ‍ॅप्स वापरू नका. ती नसलेले डोळे काढतात.

मूळ फोटोच्या मागे पेनाने काहीही लिहू नका.

आणि डॅगेरोटाइपचा पत्रा पुसू नका. मऊ फडक्यानेही नाही, धूळ असली तरी नाही. चित्र चांदीच्या मुलाम्यावर नुसतं टेकलेलं असतं. एका घरी मी असा पत्रा पाहिला आहे. कोट, हात, मांडीवरचं पुस्तक सगळं जागच्या जागी, आणि चेहऱ्याच्या ठिकाणी बोटभर रुंदीचा चकचकीत आरसा. आजोबांचा चेहरा नीट दिसावा म्हणून कुणीतरी मायेने पुसला होता. डॅगेरोटाइपला निगेटिव्ह नसते.