गोव्याच्या दमट हवेत चामड्याचे होल्स्टर: नव्याने शिकणाऱ्यांसाठी अनुभवाचे बोल

ज्यांना दोन सुयांची शिवण येते, ज्यांनी आरीने सरळ छिद्रे पाडून निदान एखादा कमरपट्टा आणि दोन-चार पाकिटे मनासारखी केली आहेत आणि आता पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी मापाचे होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर बाळगण्याचे चामडी म्यान, करून पाहावे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. रापीला धार कशी लावावी किंवा दोऱ्याला मेण कसे चोळावे हे येथे सांगत नाही. या कामात अडचण हत्यारांची येत नाही. अडचण येते ती चामड्यातील पाण्याची, आणि गोव्यात राहणाऱ्याला ती इतरांपेक्षा अधिक येते.

आधी कामाच्या बाजारपेठेविषयी स्पष्ट बोलतो, कारण या एका गोष्टीवरून पुष्कळांचा हिरमोड होतो. गोव्यात हँडगनचा, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हरचा परवाना असलेले लोक थोडे आहेत. सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण या भागांत शेतीरक्षणासाठी घेतलेल्या लांब नळीच्या बंदुका अधिक दिसतात, आणि त्यांच्या मालकांना होल्स्टर नको असते. त्यांना खांद्याचा पट्टा, बंदुकीची गवसणी आणि बारा बोअरच्या काडतुसांचा कमरपट्टा हवा असतो. दहा मीटर पिस्तूल नेमबाजी करणाऱ्या मुलामुलींनाही होल्स्टर लागत नाही, कारण त्या खेळात शस्त्र पेटीतून थेट टेबलावर येते. म्हणून केवळ होल्स्टरवर घर चालेल अशी कल्पना करून नोकरी सोडू नये. मात्र पट्टे आणि गवसण्या करताना जो हात बसतो तो होल्स्टरला पूर्ण उपयोगी पडतो. तो काळ वाया जात नाही, हे मी खात्रीने सांगतो.

दुसरी गोष्ट कायद्याची. होल्स्टर हे शस्त्र नाही, ते बनवायला शस्त्र परवाना लागत नाही. पण ज्यासाठी ते बनवायचे ती वस्तू मात्र शस्त्र आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ मध्ये दिलेली सवलत अगदी अरुंद आहे: परवानाधारकाचे शस्त्र दुसऱ्याने न्यायचे तर ते त्याच्या उपस्थितीत किंवा त्याच्या लेखी अधिकाराने, आणि दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा परवानाधारकाचा स्वतःचा वापर एवढ्याच कारणांसाठी. होल्स्टर शिवणे या कारणांत बसत नाही असे धरूनच काम करावे. ग्राहक कितीही ओळखीचा असला, “चार दिवस तुमच्याकडेच राहू द्या” असे कितीही आपुलकीने म्हणाला, तरी शस्त्र क्षणभरही आपल्या ताब्यात ठेवू नये. माप घ्यायला आपण त्याच्या घरी जावे, शस्त्र त्यानेच हातात घेऊन रिकामे करावे, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत आणि मग कॅलिपरने जाडी मोजून, कागदावर बाह्यरेषा काढून आपण परतावे. निवडणुकीच्या आचारसंहितेत परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. त्या आठवड्यांत माप घेण्याचे काम ठरवू नये.

शस्त्र जवळ ठेवता येत नाही म्हणून लाकडी नमुना लागतो. परदेशात निळ्या प्लॅस्टिकचे हुबेहूब नमुने मिळतात, पण पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू बाहेरून मागवून कस्टममध्ये खुलासे देत बसण्यापेक्षा चांगल्या सुताराकडून सागवानाचा किंवा शिसवीचा नमुना करून घेणे मला कधीही बरे वाटते. तो भडक रंगाने रंगवावा, म्हणजे लांबूनही कोणाचा गैरसमज होणार नाही. नमुन्यात ट्रिगर गार्डची, म्हणजे ट्रिगरभोवतीच्या कडीची पोकळी लाकडाने भरलेली असावी, आणि नळीच्या टोकावरील माशीपासून (नेम धरण्याच्या उंचवट्यापासून) मागेपर्यंत एक बारीक पट्टी चिकटवावी, म्हणजे शस्त्र बाहेर काढताना माशी चामड्यात अडकत नाही.

चामड्याबाबत मी तडजोड मान्य करीत नाही. झाडांच्या साली आणि फळांपासून मिळणाऱ्या टॅनिनने कमावलेले, म्हणजे दुकानदार ज्याला व्हेज-टॅन म्हणतात तेच चामडे हवे, आणि ते तीन ते साडेतीन मिलिमीटर जाडीचे असावे. पर्स आणि जाकिटांसाठी वापरले जाणारे क्रोम, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेले चामडे स्वस्त, मऊ आणि दिसायला आकर्षक असते, परंतु ते भिजवून दिलेला आकार धरत नाही, आणि त्यातील क्षारांमुळे शस्त्राच्या निळसर पॉलिशवर गंज चढू शकतो. मऊ चामड्याचा याहून मोठा धोका असा की होल्स्टरचे तोंड आत दुमडले तर शस्त्र ठेवताना ती घडी ट्रिगरवर दाब देऊ शकते. हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे, म्हणून “तात्पुरते क्रोममध्ये करून देतो” हा शब्द कोणालाही देऊ नये. आपल्याला जवळची मंडी चोर्ला घाट ओलांडून बेळगावची. कोल्हापुरी चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव जिल्हाही आहे, आणि त्या परंपरेत बाभळीची साल व हिरडा वापरून चामडे कमावण्याचे ज्ञान अजून जिवंत आहे. जाड, एकसारख्या पोताचे हार्नेसचे चामडे हवे असेल तर मात्र कानपूरकडून मागवावे लागते, कारण खोगीर आणि घोड्याचे साज यांची तिथली परंपरा जुनी आहे.

आकृती काढण्याचा हिशेब सोपा आहे. शस्त्राची जाडी समजा ३० मिलिमीटर आणि चामडे ३ मिलिमीटर असेल, तर बाह्यरेषेपासून शिवणीची रेषा जाडीच्या निम्म्याने अधिक चामड्याच्या जाडीने, म्हणजे सुमारे १८ मिलिमीटर दूर येते. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरपाशी आणि नळीपाशी जाडी वेगळी असते म्हणून ही रेषा वळणावळणाने जाते. आधी जाड पुठ्ठ्यावर, मग टाकाऊ चामड्यावर करून पाहावे. इंटरनेटवर तयार आकृत्या पुष्कळ मिळतात, पण त्या अमेरिकी पिस्तुलांच्या असतात आणि कानपूरच्या शस्त्र कारखान्यातील .३२ रिव्हॉल्व्हरला लागू पडत नाहीत. शिवाय स्वतः रेषा काढल्याशिवाय पकड कशी येते हे समजतच नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता ज्या गोष्टीने मला सर्वांत जास्त छळले तिच्याकडे येतो, आणि येथे थोडा विस्तार करतो, कारण ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती आणि जे काही वाचनात आले ते कोरड्या हवेच्या प्रदेशांत राहणाऱ्यांनी लिहिलेले होते. होल्स्टर शिवून झाले की ते कोमट पाण्यात बुडवतात, पृष्ठभागावरचा ओलीचा काळसरपणा थोडा उतरेपर्यंत थांबतात, पातळ प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला नमुना आत घालतात आणि बोटांनी व हाडाच्या पट्टीने दाबून शस्त्राचा आकार उठवतात. तिथवर सर्व ठीक असते. “मग रात्रभर वाळू द्यावे,” असे त्या लेखांत लिहिलेले असते. गोव्यात जून ते सप्टेंबर रात्रभर काहीही वाळत नाही. जुलैमध्ये हवेतील आर्द्रता दिवसेंदिवस ८५ टक्क्यांच्या वर राहते, आणि साधारण ७० टक्क्यांच्या वर बुरशीला अनुकूल काळ सुरू होतो.

तरीही आर्द्रता हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे कारण आपण स्वतःच्या हाताने आत ठेवलेले असते, आणि ते म्हणजे चिकटवण्याचे रबर सोल्यूशन. शिवणीच्या कडेला चामड्याचे दोन थर, आणि रिव्हॉल्व्हरसाठी मध्ये पट्टी घातली असेल तर तीन थर, एकमेकांना चिकटवलेले असतात. त्या सोल्यूशनमधून पाणी पलीकडे जात नाही. त्यामुळे बाहेरचा पृष्ठभाग हाताला पूर्ण कोरडा लागतो, रंगही मूळचा फिकट दिसू लागतो, पण सहा-सात ते नऊ-दहा मिलिमीटर जाडीच्या त्या कडेत, विशेषतः तळाच्या कोपऱ्यात आणि घडीच्या आतल्या अंगाला, ओल शिल्लक राहते. अशा स्थितीत रंग, त्यावर मेण किंवा ॲक्रिलिक फिनिश दिले की आतल्या ओलीचा शेवटचा मार्गही बंद होतो. पुढच्या काही दिवसांत आतल्या बाजूने पांढुरकी बुरशी वर येते, आकार सैल पडतो, पकड जाते, आणि ग्राहकाने त्यात शस्त्र ठेवले तर त्या ओलीने आणि टॅनिनच्या आम्लतेने पोलादावर गंजाचे ठिपके उठतात. होल्स्टर पुन्हा करता येते, पण शस्त्राचे गेलेले पॉलिश आपण परत देऊ शकत नाही.

यावर डोळ्यांचा आणि हाताचा भरवसा न ठेवता तराजूवर ठेवावा. शिवलेले होल्स्टर भिजवण्यापूर्वी वाळवणीच्या पेटीत एक-दोन दिवस ठेवावे आणि मग स्वयंपाकघरातील ग्रॅमच्या काट्यावर त्याचे वजन करून आत पेन्सिलने लिहावे. समजा ते १८० ग्रॅम भरले, तर भिजल्यावर ते कितीही वाढो, जोपर्यंत ते पुन्हा १८० वर येत नाही आणि सलग दोन दिवस तिथेच राहत नाही, तोपर्यंत रंगाचा डबा उघडायचा नाही. पेटीत आधी ठेवण्याचे कारण असे की पावसाळ्यात कोरडे वाटणारे चामडेही हवेतील ओल शोषून जड झालेले असते, आणि तेच वजन आधाराला धरले तर सगळा हिशेब चुकतो. पेटी म्हणजे प्लायवुडचे साधे खोके, खाली-वर हवेसाठी छिद्रे, आत एक जुना पिवळा बल्ब, एक लहान पंखा आणि आर्द्रता दाखवणारे मीटर. एलईडी दिवा येथे उपयोगाचा नाही, कारण त्याची ऊब पुरत नाही. तापमान ४० ते ४५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये. ओल्या चामड्याला जास्त उष्णता मिळाली की तंतू आकसतात, ते कडक आणि ठिसूळ होते आणि वळणापाशी चिरते. म्हणूनच हीट गन किंवा ओव्हन वापरून एका तासात काम उरकण्याचे जे व्हिडिओ दिसतात त्यांच्याकडे नवशिक्याने पाहूही नये. आकार पक्का झाला की, म्हणजे काही तासांनी, नमुना काढून घ्यावा, म्हणजे आतल्या बाजूलाही वारा लागतो.

भिजवण्याच्या पाण्याविषयीही एक सांगणे आहे. आपल्या जांभ्या दगडाच्या जमिनीत, खाणपट्ट्यात तर विशेष, विहिरीच्या पाण्यात लोह असू शकते, आणि लोह व टॅनिन एकत्र आले की निळे-काळे डाग पडतात. ओल्या चामड्यावर लोखंडी हत्यार ठेवले तरी हेच होते. भिजवण्यासाठी फिल्टरचे किंवा बॅटरीसाठी मिळते ते शुद्ध पाणी घ्यावे. हीच रासायनिक क्रिया हेतुपुरस्सर वापरून काळे होल्स्टरही करता येते: व्हिनेगरमध्ये लोखंडाचा कीस विरघळवून ते द्रावण लावले की चामडे खोलवर काळे होते आणि हा काळेपणा कपड्यांना लागत नाही. आपल्याकडचे माडाचे व्हिनेगर यासाठी चांगले चालते. मात्र नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारून स्वच्छ धुतलेच पाहिजे.

शिवणीविषयी काळजी करू नये. सुरुवातीला छिद्रे मागच्या बाजूला वाकडी निघतात, दोरा कमी-जास्त ताणला जातो, बोटे दुखतात. हे सर्वांचे होते आणि सरावाने नक्की जाते. इथे मला गुरूविषयी बोलावेसे वाटते. मी शिवण शिकलो ती बेळगावकडच्या एका वयस्कर चर्मकार काकांकडून, आणि शनिवार-रविवारच्या महागड्या कार्यशाळांपेक्षा अशा माणसाजवळ बसून एक जोडा तळापासून शिवताना पाहणे अधिक मोलाचे आहे असे मी मानतो. आरीचा कोन मनगटात कसा येतो ते पुस्तकात सापडत नाही. परंतु त्यांची एक सवय मी सोडून दिली, ती म्हणजे चामड्याला भरपूर तेल पाजणे. चपलेला मऊपणा हवा असतो. होल्स्टरला ताठपणा हवा असतो. रंगानंतर नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेल्या तेलाचा) एक अगदी पातळ हात पुरे, आणि आपल्याकडे सहज हाताशी असलेले खोबरेल तर मुळीच लावू नये. काकांना हे सांगितले तेव्हा त्यांनी होल्स्टरचे तोंड अंगठ्याने दाबून पाहिले आणि ताठपणा लागतो हे मान्य केले. चांगला गुरू असा असतो.

धातूच्या बाबतीत काटकसर करू नये. मुलामा दिलेली लोखंडी टिच बटणे समुद्राच्या खाऱ्या हवेत लवकर गंजतात आणि त्यांचा गंज चामड्यावर काळा डाग उमटवतो. भरीव पितळ किंवा स्टेनलेस स्टील घ्यावे. बटणाची मागची बाजू शस्त्राला घासू नये म्हणून तिच्यावर चामड्याची चकती चिकटवून शिवावी.

देण्यापूर्वीची तपासणी ग्राहकाच्या घरी, त्याच्या रिकाम्या शस्त्रासह करावी. ट्रिगर गार्ड पूर्ण झाकला गेला पाहिजे, बाहेरून बोट ट्रिगरपर्यंत पोचता कामा नये. शस्त्र आत ठेवून होल्स्टर पलंगावर उलटे धरले तर ते स्वतःच्या वजनाने घसरू नये, पण पूर्ण मूठ धरून ओढल्यावर एका हालचालीत बाहेर यावे. शस्त्र काढल्यावर तोंड उघडेच राहिले पाहिजे. फार घट्ट असेल तर घाबरू नये. शस्त्र जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ग्राहकाने रात्रभर आत ठेवले की बहुधा जुळते. सैल असेल तर मात्र पुन्हा भिजवून दुरुस्तीचा प्रयत्न न करता नवे करून द्यावे, आणि तो खर्च आधीच किमतीत धरावा.

ग्राहकाला होल्स्टरसोबत लेखी सूचना द्यावी: शस्त्र चामड्यात ठेवून कपाट बंद करू नये, घरी आल्यावर ते बाहेर काढून तेलाच्या फडक्याने पुसावे, आणि होल्स्टर वेगळे, हवेशीर जागी, पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावे. त्या कागदावर होल्स्टरचे कोरडे वजन लिहून देण्याची मी पद्धत ठेवली आहे, म्हणजे दोन पावसाळ्यांनी ते परत तपासायला आले तर आत किती ओल साठली आहे हे काट्यावर लगेच कळते.