शुगर असताना जखम भरत नाही? या चुका टाळा (त्यातली एक माझी आहे)

चैत्रात आमच्या खान्देशातून वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. एका वर्षी आबाही गेले. बारा वर्षांची शुगर, पाय अनवाणी, डांबर तापलेलं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी आईला शहाबादी फरशीवर पावलागणिक रुपयाएवढा ओला ठसा दिसला. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यावर, फोड फुटून खड्डा पडला होता. विचारलं तर आबा म्हणाले, "काहीच दुखी नही ऱ्हायनं."

मी तालुक्याच्या गावी ड्रेसिंगचं काम करते, एकवीस वर्षं झाली. 'शुगरवाल्याची प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून जखम भरत नाही' हे रोज कानावर येतं. ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही, आणि चुका तिथेच होतात.

"ताकदीची एखादी पावडर द्या ना, सिस्टर"

इल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तर काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला. १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळालं. आपल्या पायात बाभळीचा काटा मोडला की हेच होतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात, जंतू गिळतात आणि तिथेच मरतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज, म्हणजे जंतू आणि कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, येतात. तेही आधी लढतात. मग मेलेल्या न्यूट्रोफिलांचा कचरा गिळता गिळता त्यांचा स्वभाव बदलतो, आणि नव्या रक्तवाहिन्या, नवं लालसर मांस तयार करा, असे निरोप ते सोडू लागतात.

कापसाच्या रानासारखंच आहे. आधी पऱ्हाट्या उपटायच्या, मग नांगर, मग वखर, मग लागवड. मधुमेहात नांगर उशिरा येतो आणि एकदा आला की रानाबाहेर निघतच नाही. साखर जास्त असली की न्यूट्रोफिल जखमेपर्यंत पोहोचायला मंद होतात, गिळायलाही कमी पडतात. पण पोहोचल्यावर स्वतःचेच धागे बाहेर फेकून जाळी जास्त पसरतात, आणि ती जाळी भरणाऱ्या जखमेच्या आड येते. मॅक्रोफेज लढाईच्याच अवतारात अडकून पडतात. त्या धुमश्चक्रीत सुटणारे पाचकरस नवं विणलेलं कोलॅजन, म्हणजे मांसाला धरून ठेवणारे प्रथिनांचे धागे, खाऊन टाकतात. महिना झाला तरी जखम पहिल्या आठवड्यातच असते.

म्हणजे चूल आधीच भडकलेली आहे, तिच्यात आणखी पऱ्हाट्या कशाला? प्रतिकारशक्तीच्या पावडरीचे पैसे वाचवा आणि शुगर उतरवा. 'सुई लागली की कायमची' या भीतीने इन्सुलिन टाळणारे मी खूप पाहिले. जखम आणि संसर्ग असताना शरीरातली ताणाची संप्रेरकं साखर आणखी चढवतात. अशा वेळी डॉक्टर काही आठवड्यांपुरतं इन्सुलिन देतात आणि पुष्कळांचं ते नंतर बंदही होतं. फक्त उपाशीपोटीचा आकडा पाहून खूश होऊ नका, जेवणानंतरचाही बघा.

ताप नाही, पू नाही, दुखत नाही, मग चिंता कसली?

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नसा बधिर झाल्यामुळे दुखत नाही. पांढऱ्या पेशींचा प्रतिसाद मंद असल्यामुळे आत खोलवर संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा आकडासुद्धा कितीतरी जणांत नॉर्मल येतो. शरीराची घंटाच वाजत नाही, तेव्हा तिच्या भरवशावर राहायचं नाही. डोळ्यांनी पाहायचं, नाकाने वास घ्यायचा. कारण नसताना शुगर एकदम चढली, तर तीच घंटा समजा.

जखमेवर काय काय लावतात

शेतात कंबरमोडीचा पाला चोळून लावतात. घरी हळद, चुना, तंबाखू, कॉफी पावडर. तरण्या पोराचं बोट कापलं तर तो पाल्यानेही निभावून नेतो, कारण त्याच्या पेशी वेळेवर येतात आणि वेळेवर जातात. शुगरच्या जखमेत ही भुकटी म्हणजे बाहेरची घाण. मॅक्रोफेजना आणखी गिळायला काम, लढाई आणखी लांब.

आता माझी चूक. आबांचा खड्डा मी आठवडाभर रोज हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतला. फेस आला की आईला वाटे, साफ होतंय. खरं तर आपल्याच रक्तातलं आणि पेशींतलं एक एन्झाइम त्या औषधातून ऑक्सिजन सुटा करतं, त्याचा तो फेस. जंतू कितपत मेले कोण जाणे, पण रोज नव्याने सरकणाऱ्या कोवळ्या पेशी मी जाळत होते. हे मला माहीत असायला हवं होतं. साधं सलाइन, म्हणजे निर्जंतुक मिठाचं पाणी, पुरतं.

उघडी ठेवून 'खपली धरू द्या' हेही तसंच. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर दाखवलं की ओलसर झाकलेली जखम उघड्या, सुकलेल्या जखमेपेक्षा साधारण दुप्पट वेगाने कातडी धरते. पेशींना सरकायला ओल लागते. पण ओलसर म्हणजे चिंब नव्हे. भोवतालची कातडी पांढरी, भिजल्यासारखी दिसली तर ड्रेसिंग चुकतंय.

रोज ड्रेसिंग आणि रोज केळीच्या बागेत फेरी

याने ड्रेसिंगवरचा सगळा खर्च पाण्यात जातो. तळव्यावरच्या जखमेवर टाकलेलं प्रत्येक पाऊल म्हणजे पेशींच्या दृष्टीने नवा मार. पहिल्या दिवसाची लढाई पुन्हा सुरू. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर काम करताना हेच ओळखलं: मांस वाईट नसतं, दुखत नसल्यामुळे माणूस जखमेवरच चालत राहतो. त्या जागेवरचा भार काढायला प्लास्टर किंवा खास बूट मिळतो. आबांना तो घालायला लावणं हे सगळ्या उपचारातलं सर्वात अवघड काम होतं. दुपारी शेजारी गप्पा मारायला गेले की बूट ओट्यावर आणि आबा चपलेवर.

कडेचा घट्टा आणि मेलेलं मांस डॉक्टर ब्लेडने काढतात, तेव्हा घरचे घाबरतात: "होती त्याहून मोठी केली." मोठी दिसते खरी, पण जंतूंचा चिकट थर आणि अडकून पडलेल्या पेशी त्यातच निघून जातात, जखम पुन्हा ताजी होते. हे घरी ब्लेड किंवा नेलकटर घेऊन करायचं नाही.

मेडिकलवरून आणलेल्या अँटिबायोटिकबद्दल एवढंच: गोळी जंतू मारते, अडकलेल्या मॅक्रोफेजला सोडवत नाही. संसर्गाची लक्षणं नसतील तर ती जखम भरायला मदत करत नाही.

आणि 'डाळ-वांग्याने पू होतो' म्हणून पेशंटला नुसतं पेजेवर ठेवू नका. पू डाळीने होत नाही. नव्या पेशी बनायला प्रथिनं लागतात, त्यामुळे कळण्याची भाकरी, डाळ, अंडं पोटात जाऊ द्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. बिडी-तंबाखू मात्र बंद. ती आधीच अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या आणखी आवळते, आणि पेशी जखमेपर्यंत रक्तातूनच येतात.

चार आठवडे झाले, तरी तशीच?

स्वच्छ पारदर्शक प्लास्टिक जखमेवर धरून पेनाने कड काढा, तारीख लिहा. आतली बाजू पुसून ते ठेवून द्या. दर आठवड्याला नवं. चार आठवड्यांत जखम निम्मी झाली नसेल तर ड्रेसिंगचा ब्रँड बदलत बसू नका. चार गोष्टी तपासून घ्या: शुगर, पायाचा रक्तपुरवठा, हाडापर्यंत गेलेला संसर्ग आणि भार. घोट्याला पट्टा बांधून मोजलेलं प्रेशर मधुमेहात फसवं चांगलं येऊ शकतं, कारण धमन्या कडक झालेल्या असतात. डॉप्लर (रक्ताचा प्रवाह बघणारी सोनोग्राफी) करायचा का, ते विचारा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत.

बोट काळं पडलं, कुबट वास सुटला, जखमेभोवतीची लाली दोन सेंटीमीटरच्या पुढे गेली, पाय सुजला किंवा थंडी वाजून आली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. त्याच रात्री गाडी करा.